फिरतीवरील खेळगड्याचा लॅपटॉप

प्रवास आणि खेळ यांची सांगड आमच्या समाजांत नवीन नाहीं. सोंगट्यांचा पट कापडाचा करण्यांत आमच्या पूर्वजांनीं मोठेंच शहाणपण दाखविलें होतें. तो घडी घालून पिशवींत टाकला, कवड्यांची पुरचुंडी बरोबर घेतली, कीं धर्मशाळेच्या ओट्यावरही डाव मांडतां येई. सावंतवाडीच्या गंजिफांचा संच लहानशा लाकडी पेटींत बसतो. पुढें रेल्वे आली, पत्त्यांचा जोड आला, आणि पुणें-मुंबई प्रवासांत मांडीवर पंचा पसरून डाव टाकणारी मंडळी ज्यानें पाहिली नाहीं असा मनुष्य विरळा. या सर्व साधनांत दोन गोष्टी समान होत्या. तीं हलकीं होतीं, आणि गडी समोर बसलेला असे. आतां गडी समोर नसतो. तो हजारों मैल दूर असतो, आणि त्याच्यापर्यंत पोंचण्यासाठीं एक यंत्र, त्या यंत्रास वीज, आणि विजेखेरीज दळणवळणाचा एक अदृश्य धागा, एवढें सर्व एका वेळीं जमावें लागतें. अशा यंत्राची निवड करण्याचा प्रसंग सन २०२५ च्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरांत आला, आणि घरच्या खर्चाची वही आमच्याकडे असल्यामुळें तो निवाडा आमच्या माथीं आला.

आमच्या दादांचे दोन मुलगे. थोरला येथेंच नोकरीस आहे. साखर-कारखाने व डेअऱ्या यांतून मोजमापाचीं उपकरणें बसविण्याचें त्याचें काम. महिन्यांतील अठरा-वीस दिवस तो फिरतीवर. आज श्रीरामपूर, उद्यां लातूर, परवां नांदेड. धाकटा जर्मनींत आखन येथें शिकावयास गेला आहे. सन २०२३ च्या जूनमध्यें आमच्या वहिनी गेल्या. धाकटा परीक्षेंत होता. तो तिसऱ्या दिवशीं घरीं पोंचला. दोघे भाऊ मुळांत अबोल. फोनवर त्यांचें संभाषण 'जेवलास का' आणि 'बाबा कसे आहेत' यापलीकडे जात नसे. दीड मिनिटांत संपे. परंतु त्या वर्षाच्या पावसाळ्यापासून दर शनिवारीं रात्रीं साडेनऊ वाजतां दोघे लहानपणचा एक खेळ मिळून खेळूं लागले. तेव्हां जर्मनींत उन्हाळ्यांत सायंकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यांत पांच. खेळतांना मात्र ते बोलतात. एकदां थोरला घरीं असतां शेजारच्या खोलींतून आमच्या कानीं पडलें तें असें : "चार माणसं लाकडाला पाठव. कुंपण राहिलंय. आई आमटींत गूळ आधीं घालायची कीं चिंच रे?" त्यावर पलीकडून बराच वेळ कांहीं उत्तर आलें नसावें, कारण थोरला पुन्हां म्हणाला, "राहूं दे. आधीं कुंपण बघ."

एवढें सांगितल्यावर आमच्या घरांत या यंत्राकडे केवळ करमणुकीची वस्तु म्हणून कां पाहिलें गेलें नाहीं, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

खेळाचें नांव 'एज ऑफ एम्पायर्स २'. तो प्रथम १९९९ मध्यें निघाला, व २०१९ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति आली. यांत गांव वसवावयाचें, शेतें करावयाचीं, लांकूड, दगड व सोनें जमवावयाचें, गढी बांधावयाची आणि शत्रूशीं लढावयाचें असतें. दोन गडी एका बाजूस राहून संगणकाविरुद्ध खेळूं शकतात, आणि हे दोघे तसेंच खेळतात. या खेळाच्या रचनेंतील एक मर्म समजलें म्हणजे निवडीचा निम्मा गुंता सुटतो. यांत प्रत्येकाच्या यंत्रावर संपूर्ण खेळ स्वतंत्रपणें चालतो; एकमेकांकडे जातात त्या फक्त आज्ञा, म्हणजे अमक्या माणसास अमक्या जागीं पाठव एवढेंच. या मालेचा पहिला खेळ १९९७ चा. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या मोडेमवर शेंकडों सैनिक हलवितां यावे म्हणून ही युक्ति योजली होती. तिचा फायदा असा कीं दळणवळणाचा भार अत्यल्प. तोटा असा कीं सर्व यंत्रांचें पाऊल बरोबर पडलें पाहिजे; एकाचें यंत्र मंद झालें कीं सर्वांचाच खेळ मंद होतो. एकत्र कुटुंबानें यात्रेस निघावें आणि सर्वांनीं आजीच्या चालीनें चालावें, त्यांतलाच हा प्रकार. क्रमवारीच्या सामन्यांत शिरण्यापूर्वीं हा खेळ यंत्राची चांचणीही घेतो, व त्यांत एक हजार गुण पडल्याखेरीज आंत घेत नाहीं.

थोरल्याचा लॅपटॉप २०१७ चा. लढाई रंगली कीं तो धांपा टाकी, आणि आखनमधील धाकट्याचे घोडेस्वारही चिखलांत रुतल्यासारखे चालत. त्यांतच विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपावयाचा होता, आणि त्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणें बसत नव्हतें. कचेरीनें दिलेला दुसरा लॅपटॉप त्याच्यापाशीं असतो. पण त्यावर खेळ घालण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे फिरतीच्या पिशवींत दोन लॅपटॉप, शिवाय हत्यारांची पेटी. हें वजन पुढील विचारांत महत्त्वाचें ठरलें.

थोरल्यानें प्रथम जो लॅपटॉप मनांत धरला होता तो खास खेळाडूंसाठीं केलेला : साडेपंधरा इंचांचा पडदा, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, वजन सुमारें २.४ किलो, व विटेएवढा चार्जर धरून तीन किलोच्या घरांत. दुकानांत आम्ही बरोबर गेलों होतों. विक्रेता कळफलकाखालचे रंगीत दिवे पुन्हां पुन्हां लावून दाखवीत होता. दिव्यांनीं खेळ सुधारतो कीं काय हें आम्हीं विचारलें नाहीं. पण त्या कार्डास किती वॅट वीज दिली आहे, एवढा एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर त्यास देतां येईना. हा प्रश्न प्रत्येक ग्राहकानें विचारावा असें आमचें स्पष्ट मत आहे. उदाहरणार्थ, 'आरटीएक्स ४०६०' हें लॅपटॉपचें कार्ड कारखानदाराच्या मर्जीप्रमाणें ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर चालविलें जातें. नांव एकच, पेटीवरील चिठ्ठी एकच, पण बळ निराळें. पातळ यंत्रांत उष्णता बाहेर जाण्यास जागा कमी म्हणून ती मर्यादा खालीं ठेवावी लागते. तेव्हां नुसत्या नांवावर भाळून पातळ व महाग यंत्र घेणारा कधीं कधीं जाड व स्वस्त यंत्रवाल्याच्या मागें पडतो.

आतां विजेचा हिशेब. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्यें मोजतात. विमानांत प्रवाशानें आपल्याजवळ बाळगावयाच्या बॅटरीस विमानकंपनीच्या खास परवानगीवांचून १०० वॅट-अवरची मर्यादा आहे. म्हणून मोठ्यांत मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबलेली आढळते. (सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक नेहमीं हातच्या पिशवींत ठेवावयाची असते, खालच्या सामानांत नव्हे, हें आमच्या आत्याबाईंस विमानतळावर पेटी उघडावी लागल्यापासून घरांत सर्वांस पाठ आहे.) तेव्हां ९० वॅट-अवरची बॅटरी घेतली, व यंत्र खेळतांना ८० ते ९० वॅट खाऊं लागलें, तर तासाभरांत कारभार आटोपला. तोही पूर्ण वेगानें नव्हे, कारण बॅटरीवर असतां हीं यंत्रें आपला वेग आपणच कमी करतात. खेळाचा मोठा लॅपटॉप प्रवासांत नेला म्हणजे प्रवासांत खेळतां येतो, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. तो एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेतां येतो, एवढेंच.

आणि भिंत कोणती, हेंही पाहावें लागतें. आगगाडीच्या बहुतेक डब्यांतील खटक्यांस ११० व्होल्टची वीज असते. लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळें दाबाची अडचण नाहीं. परंतु ते खटके फोन व साधे लॅपटॉप यांच्या बेताचे आहेत, दोनशे-तीनशे वॅटच्या चार्जरसाठीं नव्हेत. शिवाय २०२१ च्या मार्चपासून पश्चिम रेल्वेनें रात्रीं अकरा ते पहांटे पांच या वेळांत ते बंद ठेवण्याचा क्रम सुरू केला. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या वस्तूंमुळें आग लागण्याचें भय, हें त्याचें कारण. आम्हांस हा निर्बंध रास्त वाटतो. रात्रींच्या डब्यांत वरच्या फळीवर कळफलक बडविणारा तरुण सहप्रवाशांस किती प्रिय होतो, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. सबब आगगाडींतील खेळ आम्हीं विचारांतूनच काढून टाकला. प्रश्न राहिला तो लॉजमधील खोलीचा, आणि कारखान्याच्या विश्रामगृहाचा.

थोरल्याचें म्हणणें असें होतें कीं, "काका, मोठा लॅपटॉप असला तर आम्हांला 'व्हॅलोरंट'सारखे नवे खेळही एकत्र खेळतां येतील." येथें आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफुर्ट हें अंतर सरळ रेषेंत सुमारें साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन येऊन तेरा हजार. म्हणजे निसर्गनियमानेंच संदेशास जाऊन परत येण्यास ६५ मिलिसेकंद हवेत. प्रत्यक्षांत केबल सरळ जात नाहीं. ती अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त व भूमध्य समुद्र अशी वळणें घेते, मध्यें अनेक ठाणीं लागतात, आणि शंभर-सव्वाशें किंवा त्याहून अधिक मिलिसेकंद सहज लागतात. ज्या खेळांत डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत नेम धरावयाचा, त्यांत मुंबईचा सर्व्हर घेतला तर धाकटा पंगु, आणि युरोपचा घेतला तर थोरला. एक लक्ष रुपयांचें यंत्र असो वा तीन लक्षांचें, तें समुद्राची रुंदी कमी करूं शकत नाहीं. उलट गांव वसविण्याच्या खेळांत आज्ञा किंचित् उशिरा पोंचली तरी बिघडत नाहीं; लांकूडतोड्या एक क्षण उशिरा निघतो.

या समुद्राचा अनुभव घरांत ताजाच होता. ६ सप्टेंबर २०२५ रोजीं तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ समुद्रतळींच्या केबली तुटल्या, आणि भारतासह अनेक देशांचें दळणवळण मंदावलें. तो दिवस शनिवार होता. त्या रात्रीं दोघांचा खेळ तीनदां तुटला, आणि थोरल्यानें लातूरहून फोन करून जुन्या लॅपटॉपास बोल लावला. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्र वाचल्यावर लॅपटॉप निर्दोष सुटला. दळणवळण तुटल्याचा फटका मोठमोठ्या खेळाडूंसही बसतो. ३० ऑगस्ट २०२० रोजीं बुद्धिबळाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत व रशिया यांमध्यें चालू असतां नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचा संपर्क तुटला, त्यांचीं घड्याळें संपलीं, आणि शेवटीं जागतिक संघटनेनें दोन्ही देशांस संयुक्त विजेते ठरविलें. तीच दिव्या जुलै २०२५ मध्यें महिलांचा विश्वचषक जिंकून आली, तेव्हां आमच्या घरीं पेढे वांटले गेले. आमचें आजोळ नागपूरचें, एवढें कारण पुरे होतें.

आईस, म्हणजे मुलांच्या आजीस, निराळीच शंका होती. तिनें विचारलें, "ऑनलाइन खेळ म्हणजे तो पैसे लावायचा ना? पेपरांत येतं, मुलं कर्ज काढतात." शंका अस्थानीं नव्हती. म्हणून तिला समजावून सांगितलें कीं, ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला, व त्यांत पैसे लावून खेळावयाच्या खेळांस बंदी घालून ई-स्पोर्ट्स व साधे मनोरंजनाचे खेळ त्यांतून निराळे राखले. हा खेळ दुसऱ्या प्रकारचा. एकदां विकत घ्यावयाचा, पुढें पणास कांहीं लावावयाचें नाहीं. आईनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाली, "दोघे एकाच बाजूनं खेळतात ना? मग द्या." दादांनीं या सर्व काळांत एक अक्षर उच्चारलें नव्हतें. ते तेव्हां म्हणाले, "त्याच्या खांद्याला झेपेल असा घ्या."

थोरल्यानें स्वतःच्या पगारांतून घेण्याची तयारी दाखविली होती. परंतु आमच्या घरीं अविवाहितांचा पगार समाईक खात्यांत येतो, आणि धाकट्याच्या शिक्षणाचा हप्ताही त्यांतूनच जातो. तेव्हां 'स्वतःचा' हा शब्द येथें कितपत लागू पडतो हा वाद आम्हीं वाढविला नाहीं. एक लाखाची मर्यादा ठरली.

शेवटीं घेतला तो चौदा इंची, दीड किलोच्या आंतला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला. याचें कारण खेळाच्या स्वभावांत आहे. या खेळांत हजारों माणसांच्या हालचालींचा हिशेब मुख्य प्रोसेसरास करावा लागतो. चित्रें रंगविण्याचें काम त्या मानानें हलकें. म्हणून प्रोसेसर नवा व जोरदार, आणि चित्रें रंगविण्याचा भाग त्यांतच अंतर्भूत असलेला, असें यंत्र पुरतें. रॅम १६ जीबी. कित्येक पातळ लॅपटॉपांत ती पाटीवर कायमची जडविलेली असते व पुढें वाढवितां येत नाहीं, म्हणून आठवर भागविण्याचा मोह टाळला. चार्जर ६५ वॅटचा, यूएसबी-सी जातीचा. तोच कचेरीच्या लॅपटॉपास चालतो आणि फोनासही. थोरल्याच्या पिशवींतून दोन चार्जर त्या दिवसापासून गेले. बॅटरी ७० वॅट-अवरची. खेळतांना यंत्र चाळीसच्या आसपास वॅट घेतें, म्हणजे पावणेदोन तासांचा डाव वीज गेली तरी पुरा होतो. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत हा गुण किती उपयोगी आहे तें तेथील वाचकांस ठाऊकच आहे.

हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांचाही विचार झाला. स्टीम डेकसारखीं तीं यंत्रें सुबक आहेत, पण गांव वसविण्यास उंदीर, म्हणजे माऊस, लागतोच. लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर हा खेळ खेळणें म्हणजे मोजे घालून रांगोळी काढणें होय. चारशें रुपयांचा तारेचा माऊस घेतला. अमेरिकेंतील एका आप्तांनीं येतांना लॅपटॉप आणण्याची तयारी दाखविली होती, व प्रौढ प्रवाशास एक लॅपटॉप जकातीवांचून आणतांही येतो; परंतु तेथील हमी येथें चालेलच असें नाहीं, आणि जो मनुष्य आज नांदेडांत व उद्यां श्रीरामपुरांत असतो त्यास दुरुस्तीचा माणूस जागेवर येणें ही सवलत स्वस्त किंमतीहून मोलाची. तीन वर्षांची तशी हमी धरून ७२,००० रुपये पडले. उरलेले २८,००० धाकट्याच्या पुढच्या तिकिटाच्या खात्यांत टाकावे ही सूचना थोरल्याचीच.

लॉजच्या वायफायविषयीं दोन शब्द. तें बहुधा शंभर खोल्यांत वांटलेलें असतें, आणि रात्रीं नऊनंतर सर्व खोल्यांत चित्रपट सुरू होतात. खेळास लागणारा डेटा थोडा असल्यामुळें फोन तारेनें लॅपटॉपास जोडून खेळणें अधिक भरंवशाचें ठरतें. मात्र खेळाच्या नव्या सुधारणा कित्येक जीबींच्या असतात. त्या घरीं असतांना उतरवून घ्याव्या, आणि फिरतीवर स्वयंचलित सुधारणा बंद ठेवाव्या, नाहींतर ऐन साडेनऊ वाजतां पट्टी सरकत राहते आणि पलीकडे भाऊ वाट पाहतो. लॅपटॉप गादीवर ठेवूं नये. खालचीं छिद्रें बुजतात. थोरला विश्रामगृहांतील जेवणाचें ताट पालथें घालून त्यावर ठेवतो, व तें थंड राहतें असें म्हणतो.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. लढाई सुरू झाली कीं पंखा जोरानें फिरूं लागतो, आणि त्याचा आवाज लॅपटॉपमधील मायक्रोफोन धाकट्याच्या कानांत नेऊन घालतो. आखनहून त्याची तक्रार आहे कीं दादा बोलतो तें गिरणींतून बोलल्यासारखें येतें. कानाला लावण्याचा तारेचा हेडफोन घेऊन पाहिला. आवाज कमी झाला, गेला नाहीं. यावर स्वस्त व खात्रीचा उपाय वाचकांपैकीं कोणास ठाऊक असल्यास त्यांनीं अवश्य कळवावा. थोरला येत्या शनिवारीं परभणीस आहे.